ज्योत बघायची नोकरी

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख करून देताना 'यांनी तीस वर्षं कोळसा जाळला' असं छापलं, आणि दुसऱ्याच दिवशी जेलरोडच्या भाजीवाल्या मावशींनी मला सरळ विचारलं, ताई तुमची वखार होती का. वखार नव्हती हो. प्रयोगशाळेत होते, कोळशाचं ज्वलन आणि ज्योतीचं वागणं हा विषय, म्हणजे कोळशाची पूड तापलेल्या नळीत सोडायची, ती कधी पेटते, किती वेळ जळते, ज्योत कधी थरथरते आणि कधी विझते ते मोजायचं, पगार त्याचाच. आता रिटायर होऊन नाशिकरोडला परत आलेय. पत्रं आणि ईमेल मिळून बरंच काही आलं, सगळ्यांना उत्तर देणं काही जमणार नाही, तर थोडी निवडून घेतलीत. नावं छापत नाही, फक्त गाव किंवा एरिया.

माझा मुलगा मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला ज्वलनात पीएचडी करायचीय. आम्ही म्हणतो कोळसा आता जाणार, सोलर येणार, मग हे शिकून करणार काय? त्याचा मामा म्हणतो आयटीत जा. — एक वडील, गंगापूर रोड

आधी मामांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडेही एक मामा होते, ते म्हणायचे बँकेत चिकटव हिला.

कोळसा जाणार हे खरंय, भांडण आहे ते कधी आणि कसा यावर. ब्रिटनमध्ये १८८२ साली लंडनच्या हॉलबर्न व्हायाडक्टला कोळशावर वीज करायला सुरुवात झाली, त्याच ब्रिटनने त्यांचं शेवटचं कोळशाचं केंद्र ३० सप्टेंबर २०२४ ला बंद केलं. आणि आपण काय केलं, तर २०२४-२५ मध्ये पहिल्यांदाच एका वर्षात १०० कोटी टनांच्या वर कोळसा काढला. दोन्ही बातम्या एकाच आर्थिक वर्षातल्या. तुम्ही कुठली वाचता त्यावर तुमचं मत ठरतं.

आता गंमत ऐका. सोलर आल्यामुळे कोळशाच्या ज्योतीचा अभ्यास उलट अवघड झालाय. आपल्या एकलहरेच्या वीज केंद्राचंच घ्या, २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे बॉयलर आणि जनित्राच्या जोड्या आहेत. असा संच पूर्वी एकदा पेटवला की दिवसरात्र जवळपास फुल लोडवर चालवायचा हेच डोक्यात धरून डिझाइन केलेला, ताशी सव्वाशे-दीडशे टन कोळसा खाणारा. आता देशभर काय होतं, की दुपारी बाराला सोलरची वीज भरभरून येते तेव्हा कोळशाच्या संचाला म्हणतात बाबा जरा खाली बस, आणि संध्याकाळी सात वाजता घराघरात टीव्ही, मिक्सर, मोटर चालू झाल्या की म्हणतात ऊठ, पळ. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार संचांना ५५ टक्के लोडपर्यंत खाली यायची तयारी ठेवायचीय आणि पुढे टप्प्याटप्प्याने ४० टक्के. एवढ्या कमी लोडवर भट्टीत पूड कमी, उष्णता कमी, त्यात आपला कोळसा म्हणजे ३५ ते ४५ टक्के राख, दहा किलो घेतला तर चार किलो मातीच तापवायची. ज्योत बर्नरच्या तोंडापासून सुटायला लागते, लटपटते, आणि मग ऑइल सपोर्ट द्यावा लागतो, म्हणजे महागडं तेल फवारून तिला हाताला धरून उभं करायचं. तेल न जाळता ती ४० टक्क्यांवर कशी टिकवायची हा प्रश्न माझ्या तरुणपणी कोणी विचारलाच नव्हता, आणि आज त्याच्यावर काम करायला माणसं हवीत.

दुसरं म्हणजे ज्वलन शिकलेला माणूस कोळशाला बांधलेला नसतो. हायड्रोजनची ज्योत स्वयंपाकाच्या गॅसपेक्षा पाच-सहा पट वेगाने पळते, दिवसाउजेडी धड दिसत नाही, आणि बर्नरमध्ये उलटी घुसते. अमोनियाची नेमकी उलट तऱ्हा, इतकी सुस्त की पेटती ठेवणंच जिकिरीचं, तरी जपानने हेकिनानच्या केंद्रात २०२४ साली कोळशाबरोबर २० टक्के अमोनिया जाळून बघितला. शेतकचऱ्याचे पेलेट, विमानाचं इंजिन, रॉकेट, वणवा, बॅटरीची आग, सगळीकडे तीच गणितं नवे कपडे घालून येतात. म्हणून पोराला सांगा, गाइड निवडताना इंधन कुठलं याच्यापेक्षा त्या लॅबमध्ये काय मोजायला शिकवतात ते विचार. लेझर आहे का, हाय स्पीड कॅमेरा आहे का, आणि तो विद्यार्थ्यांच्या हातात देतात का कपाटात ठेवतात (हे हसण्यावारी नेऊ नका, मी कपाटं पाहिलीत). आयआयटी मद्रासला ज्वलन संशोधनाचं राष्ट्रीय केंद्र आहे, बेंगळुरूच्या आयआयएससीत या विषयाची जुनी प्रयोगशाळा आहे, धनबादला सीएसआयआरची खाण आणि इंधनाची संस्था आहे. गेटची प्रवेश परीक्षा द्यावी लागेल. नाशकात बसून होणार नाही.

पैशाचं विचारलं नाहीत पण मनात असणार. जेआरएफ, म्हणजे संशोधन करणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती, जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, पुढे ४२,०००, वर घरभाडं. पाच-सहा वर्षं तेवढ्यावर काढायची आणि तोपर्यंत आयटीतल्या मित्राचा फ्लॅट झालेला असतो. हे आधीच बोलून घ्या, नंतर घरात कुरबुर नको. आणि पोराला एक विचारा, मोबाईल सोडून शेवटचं कशाकडे तासभर बघत बसला होतास? उत्तर पटकन आलं तर जाऊ द्या त्याला.

तुम्ही या विषयाकडे वळलात कशा? — भगूर

बंबामुळे.

वडील एकलहरेला होते, आम्ही कॉलनीत राहायचो, त्यामुळे सगळ्यांना वाटतं की चिमण्या बघून सुचलं असणार. चिमण्यांचं काही वाटायचं नाही, त्या रोजच्याच. पण सुट्टीत आजोळी जुन्या नाशकात गेलं की आजीचा तांब्याचा बंब, भांडीबाजारातून घेतलेला, मधून धुराड्याची नळी, तिच्याभोवती पाणी, खाली जाळी आणि राखेची पेटी. आजी गोवरीचा तुकडा, ढलप्या आणि वरून दोन करवंट्या टाकायची. करवंटी धरली की बंब घुमायला लागायचा, घूंऽऽ असा, आणि मोरीची पत्र्याची बादली त्याच्याबरोबर थरथरायची. मग आजी खालच्या तोंडाला एक पत्र्याचा तुकडा अर्धवट लावायची की आवाज गप्प. जाळ तसाच, आवाज मात्र बंद. मी विचारायचे का गं, ती म्हणायची त्याला वारा जास्त झाला होता.

पुढे एमटेकला लायब्ररीत कळलं की १८५९ साली रिजके नावाच्या डच प्राध्यापकाने उभ्या नळीत खालच्या बाजूला तापलेली जाळी ठेवली की नळी गाते हे दाखवलेलं, आणि १८७८ मध्ये रॅले या इंग्रज शास्त्रज्ञाने कारण सांगितलेलं. हवेचा दाब वाढतो नेमक्या त्याच क्षणी उष्णता मिळत गेली तर आवाज वाढतच जातो, झोपाळ्याला बरोबर वेळेवर धक्का दिल्यासारखा. वेळ चुकवली की झोपाळा थांबतो. आजी पत्रा लावून हवा कमी करायची, बहुतेक तीच वेळ चुकवायची. बंब अगदी रिजकेची नळीच होती असं मी म्हणणार नाही, मोजलं कोणी, पण जात तीच. हीच झोपाळ्याची भानगड चंद्रावर नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या एफ-१ इंजिनात झाली होती, सुरुवातीची इंजिनं चाचणीत फुटली, मग चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब उडवून बघायचे की ज्योत सावरते का. ते वाचलं त्या दिवशी हॉस्टेलवरून आजीला पत्र लिहिलं की तुझा बंब आणि अमेरिकेचं रॉकेट एकाच दुखण्याचे. तिने उत्तरात कळवलं, बंबाला कल्हई करायची आहे, सुट्टीत येशील तेव्हा पैसे आण.

मी एकलहरेला बॉयलरवर ३२ वर्षं काढली. आम्ही निळी काच धरून पीप होलमधून बघायचो आणि जाळावरून सांगायचो की मिलमध्ये गडबड आहे का हवा कमी पडतेय. आताची पोरं म्हणतात काका ते अंदाजपंचे होतं, आता सगळं स्क्रीनवर येतं. तुम्ही सांगा, ते शास्त्र होतं का अंदाजपंचे? — सामनगाव

काका, तुमच्या पत्राने एक जुनी फजिती आठवली. तीच सांगते, उत्तर त्यातच आहे.

दुसऱ्या एका राज्यातलं वीज केंद्र, नाव नको. तिथे राखेत न जळालेला कार्बन फार निघत होता, म्हणजे विकत घेतलेला कोळसा अर्धाकच्चा राखेच्या तळ्यात चालला होता. आम्ही चौघं गेलो, सोबत कॉम्प्युटर, ड्रॉइंग, सगळा लवाजमा. भट्टीचं मॉडेल केलं, हवेचे कोन बदलून बघितले, सहा महिने त्यात गेले आणि निष्कर्ष काढला की वरची हवा कमी-जास्त करा. केली. काही फरक नाही.

मग एका रात्रपाळीला मी वर बर्नरच्या मजल्यावर उभी होते, डिसेंबर महिना पण तिथे घाम, आणि एक ऑपरेटर हातात चहाचा ग्लास घेऊन आला, दुसऱ्या हाताने पीप होलचं झाकण सरकवलं आणि त्याच्या भाषेत म्हणाला, मॅडम चांदण्या बघा. मी निळी काच धरून वाकले. भट्टीत किंचित कमी दाब असतो म्हणून जाळ बाहेर येत नाही, उलट कानाजवळून हवा आत ओढली जाते, तरी गाल भाजतो. आत पिवळाधमक जाळ, कडा सारख्या फाटताहेत आणि जुळताहेत, आणि त्या जाळातून बाहेर खाली-वर उडणारे पांढरे ठिपके, फुलबाजीसारखे. हजारो. सहा महिन्यांत मी त्या भोकातून चार-पाचदा बघितलं असेल, आणि प्रत्येक वेळी मला फक्त 'जाळ' दिसला होता.

बाकीच्या वाचकांसाठी सांगते. बॉयलरमध्ये कोळसा खड्याचा जात नाही, मिलमध्ये दळून मैद्यासारखा करून हवेबरोबर फुंकतात. ७० टक्के पूड २०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे ७५ मायक्रॉनच्या भोकातून गेली पाहिजे हा जुना ठोकताळा, आपला केस साधारण तेवढाच जाड असतो. असा कण जाळात शिरला की आधी त्याच्यातले वायू निघतात आणि पेटतात, ते डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतं. मागे राहतो सच्छिद्र कोकसारखा सांगाडा, तो सावकाश जळतो, साधारण एखादा सेकंद. आणि इथे खरी मेख आहे, कण दुप्पट जाड झाला की त्याला लागणारा वेळ दुप्पट नाही, चौपटीच्या जवळ जातो. भट्टीत त्याला मिळतात दोन-तीन सेकंद. म्हणजे चांदणी म्हणजे काय तर जाड कण, जो जळतोय पण वेळेत जळून संपणार नाहीये. सकाळी मिलची पूड चाळून बघितली, जाडच निघाली, क्लासिफायरच्या, म्हणजे जाड पूड परत दळायला पाठवणाऱ्या भागाच्या, पात्या झिजून गेल्या होत्या. आमचं मॉडेल चुकीचं नव्हतं हो, आम्ही त्यात पूड बारीक आहे असं लिहून दिलं होतं, ते त्याने निमूट ऐकलं.

त्या रिपोर्टात मी त्या ऑपरेटरचं नाव घातलं होतं. वरून सांगितलं गेलं की काढा, 'प्रत्यक्ष निरीक्षणावरून' एवढं लिहा. मी काढलं. नवीन होते, घाबरले. पेपरमध्येही ते वाक्य तसंच गेलं आणि त्या पेपरवर मला बढती मिळाली. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तर काका, अंदाजपंचे नव्हतं. तुमच्या त्या पोरांच्या स्क्रीनवर फ्लेम स्कॅनरचा जो सिग्नल येतो ना, तो नुसता उजेड बघत नाही, उजेडाची लुकलुक बघतो, सेकंदाला किती वेळा होते ते. तापलेली भिंतसुद्धा उजेड देते पण ती लुकलुकत नाही, जिवंत ज्योत लुकलुकते. तुम्ही डोळ्याने तेच करत होता.

पण एक तुमच्या विरुद्धही सांगते, रागावू नका. तुम्हा सगळ्या जुन्या माणसांना आवडतो तो पांढराशुभ्र, तेज, बर्नरच्या तोंडाशी घट्ट बसलेला जाळ, त्याच्यात नायट्रोजनची ऑक्साइडं जास्त तयार होतात. तापमान १५०० अंशाच्या वर गेलं की हवेतला नायट्रोजनच जळायला लागतो, झेल्दोविच या रशियन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात मांडलेली क्रिया आहे ती, आणि डोळ्याला त्यातलं काहीही दिसत नाही. आता प्रदूषणाच्या नियमांसाठी हवा टप्प्याटप्प्याने देतात, तो जाळ लांबट, मळकट, आळशी दिसतो. तुम्ही बघितलात तर म्हणाल हा काय जाळ आहे का. पण तोच बरा.

गॅसची ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात. सिलिंडर भेसळीचा असेल का? — इंदिरानगर

नसावा. पिवळा रंग म्हणजे काजळीचे बारीक कण तापून चमकताहेत, म्हणजे जळायच्या आधी गॅसमध्ये हवा पुरेशी मिसळत नाहीये. निळी ज्योत असते तेव्हा काजळी धरतच नाही. बहुतेक वेळा दोषी असतं उतू गेलेलं दूध. बर्नर गार झाल्यावर काढा, गरम पाण्यात सोडा घालून ठेवा, भोकं सुईने मोकळी करा, पूर्ण वाळवून बसवा. तरी पिवळीच असेल तर मेकॅनिकला बोलवा, आतलं नोझल स्वतः खरवडू नका, त्याचं भोक मोठं झालं तर दुखणं वाढेल. आणि वरणाचं पाणी उतू गेल्यावर क्षणभर केशरी भडका होतो तो मिठातल्या सोडियमचा, त्याची काळजी नको.

मी केमिकल इंजिनियरिंग करतेय. मला कोळसा आणि ज्योत यावर संशोधन करायचंय पण घरी म्हणतात भट्टीचं काळं काम, मुलींचं नाही. धोका किती असतो? तुम्हाला कधी भीती वाटली का? — सिन्नर

घरच्यांना दोन नावं सांग. डीएनएची रचना म्हटलं की जिचं नाव हमखास निघतं ती रोझलिंड फ्रँकलिन, तिची पीएचडी कोळशावरची आहे, १९४५ ची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती ब्रिटनच्या कोळसा संशोधन संस्थेत होती, कोळशाच्या आतली सूक्ष्म छिद्रं मोजायची. आणि दुसरी मेरी स्टोप्स, आपले र. धों. कर्वे ज्या १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढत होते त्याच साली लंडनमध्ये तसंच केंद्र काढणारी. ती मुळात कोळशाची अभ्यासक. कोळशाच्या तुकड्यात चकचकीत, मंद असे जे पट्टे दिसतात त्या चार प्रकारांना १९१९ मध्ये तिनेच नावं दिली, ती आजही चालतात.

आता धोका. खोटं सांगणार नाही. पावसाळ्यात आमच्या प्रयोगाच्या भट्टीत पूड सोडणारा फीडर चोक झाला, पूड दमट झाली होती. माझ्या हाताखालच्या पोराने स्क्रू ड्रायव्हरने नळीवर टकटक केलं आणि अडकलेला गोळा एकदम खाली पडला, सगळी पूड एका क्षणात पेटली, भप्प करून वरच्या तोंडातून जाळ आला. माझ्या भुवया गेल्या. पोराला काही झालं नाही कारण तो नशिबाने खाली वाकला होता. दोन महिने मी पेन्सिलने भुवया काढून ऑफिसला जायचे, त्यातली एक नेहमी वर चढलेली, त्यामुळे मी सतत कशाचं तरी आश्चर्य करतेय असं लोकांना वाटायचं. त्यानंतर नियम केला, फीडर अडकला की आधी भट्टी बंद, मग हात. हवेत उडालेली कोळशाची पूड ही दारूगोळ्यासारखीच समज, १९०६ साली फ्रान्समधल्या कूरिएरच्या खाणीत अशाच पुडीच्या स्फोटात १०९९ माणसं गेली.

भीती त्याची इतकी नाही वाटायची. रोजचा त्रास म्हणशील तर वीज केंद्रांमध्ये बॉयलरच्या मजल्यांवर बायकांसाठी टॉयलेट नसायचं, आठ मजले उतरून ॲडमिन बिल्डिंगला जावं लागायचं, म्हणून मी पाणीच प्यायचे नाही, आणि त्या उष्णतेत पाणी न पिणं म्हणजे काय ते किडनी स्टोनने मला शिकवलं. तू असं करू नकोस. जाशील तिथे पहिल्याच दिवशी विचार, लाजू नकोस. आणि कोळशाने हात काळे होतात ते साबणाने निघतात, नखांतलं दोन दिवस राहतं.

थंडीत बाग गारठू नये म्हणून द्राक्षबागेत शेकोट्या करतो. वडील म्हणतात ओला पाला टाकून धूर कर, धूर पांघरुणासारखा बसतो. भाऊ म्हणतो एकच मोठा जाळ कर. तुम्ही जाळातल्या, तुम्ही सांगा. — निफाड तालुका

दोघांचंही ऐकू नका, आणि हे मी सांगितलं असं घरी सांगू नका.

शेतीतलं मला कळत नाही, पण उष्णतेचं सांगते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता वर आभाळाकडे टाकत राहते, जमिनीलगतची हवा गार होते आणि तिच्यावर, थोड्या उंचीवर, जराशी उबदार हवा तरंगत असते. धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून निघणारी ती उष्णता त्यांच्यातून आरपार निघून जाते. धूर दिसायला पांघरूण दिसतो, पण आहे मच्छरदाणी. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवतो आणि बाग उशिरा तापते. शिवाय ओल्या पाल्यात बरीच उष्णता पाणी उकळण्यातच जाते.

मोठ्या जाळाचं दुखणं वेगळं. त्याची गरम हवा खांबासारखी सरळ वर जाते, ती उबदार थर फोडून निघून जाते, आणि तिची जागा घ्यायला आजूबाजूची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणजे लाकूड तुमचं आणि ऊब आभाळाला. त्यापेक्षा लहान लहान बऱ्याच शेकोट्या, कोरडं सरपण, आणि वारा येतो त्या कडेला जरा दाट. छोट्या जाळाची हवा फार उंच चढत नाही, तिथेच घोळते. शक्य असेल तर रात्री बागेला पाणी द्या, ओली माती दिवसाची उष्णता जास्त धरते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

आणि जागरण करतच आहात तर एक बघा. शेकोटीचा जाळ एका लयीत वर-खाली होतो, श्वास घेतल्यासारखा. ही लय जाळाच्या रुंदीवर ठरते, आणि मोठा जाळ सावकाश श्वास घेतो. दोन फूट रुंद शेकोटी सेकंदाला साधारण दोनदा, दोन मीटरची होळी सेकंदाला एकदा. लाकूड कुठलं, गवत का गोवरी, याचा त्यात फारसा संबंध येत नाही. शिमग्याला बोंब मारता मारता मोजून बघा, मी दर वर्षी मोजते आणि सोसायटीतली मुलं मला हसतात.

ज्योत घन असते, द्रव असते की वायू? आमचे एक सर म्हणाले प्लाझ्मा. — इयत्ता सातवी, नाशिकरोड

मेणबत्तीची ज्योत म्हणजे मुख्यतः तापलेला वायू, आणि पिवळ्या भागात काजळीचे अतिबारीक घन कण. विजेचा भार असलेले कण त्यात असतात पण फारच थोडे, म्हणून तिला प्लाझ्मा म्हणणं मला जरा ओढूनताणून वाटतं. सरांशी भांडू नकोस, त्यांना ज्योतीची सावली दाखव. मेणबत्ती उन्हात धर, मागे पांढरा कागद. ज्योतीचा सर्वात उजळ भागच सर्वात गडद सावली पाडतो, कारण तिथेच काजळी आहे.

दुसरं, मेणबत्ती फुंकून विझव. वातीतून पांढरा धूर निघेल, तो धूर म्हणजे मेणाची वाफ गार होऊन झालेले बारीक कण. पेटती काडी वातीला न लावता त्या धुराला लाव, दोन-तीन सेंटीमीटर वर. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येईल. मायकेल फॅरडे यांनी १८६० च्या नाताळात लंडनमध्ये तुझ्याएवढ्या मुलांसमोर मेणबत्तीवर व्याख्यानं दिली, त्यात हे करून दाखवलं होतं. त्यांच्याकडे स्लो मोशन नव्हतं, तुझ्या घरी कोणाच्या तरी मोबाईलमध्ये असेल.

आणि तिसरं माझ्या आवडीचं. तीन मेणबत्त्या एकत्र बांधून पेटव, ज्योत सेकंदाला दहाएक वेळा लुकलुकायला लागेल. अशाच तीनची दुसरी जुडी शेजारी ठेव. जवळ असतील तेव्हा दोन्ही ज्योती एकदमच वर जातील, एकदमच खाली येतील. मग दुसरी जुडी हळूहळू लांब सरकव, एका अंतरावर त्या अचानक उलट वागायला लागतील, एक वर तर दुसरी खाली. ते अंतर पट्टीने मोज आणि मला कळव. पंखा बंद हवा, आणि घरी मोठं माणूस हवं.